लागरला इंग्रजीत काय म्हणतात

उमरग्याच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून मी रुजू झालो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन जेमतेम एक पावसाळा झाला होता. दारावरची उर्दू पाटी काढली होती आणि नवी लावायची राहिली होती. मी बावीस वर्षांचा होतो आणि हिवतापानं पार चिपाड झालो होतो. दिवसाआड थंडी वाजून यायची, घाम सुटून ताप उतरायचा, मग मी उठून शाळेत जायचो. वर्गात उभं राहिलं की फळ्याला टेकावंसं वाटायचं. त्या वर्षात मी जे काही केलं ते असं थकूनच केलं, त्यामुळे आठवायला बसलं की थकवाच आधी आठवतो.

माझं गाव तिथून जवळच. लहानपणी याच शाळेत मी शिकलो होतो. तेव्हा तिला वस्तानिया म्हणत, म्हणजे मिडलपर्यंतची शाळा. घरात मराठी, शेतात मराठी, आणि शाळेत भूगोलापासून हिशेबापर्यंत सगळं उर्दूत. आम्हाला उर्दू आणि फारसी शिकवायला एक मौलवीसाहेब होते. उंच, ताठ, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी. त्यांनी कधी छडी हातात घेतली नाही. कुणी शब्द चुकीचा उच्चारला की डोळे मिटून घ्यायचे, जणू त्यांनाच कुठं लागलंय. ते बघून आम्ही घरी जाऊन तो शब्द शंभरदा घोकायचो. पुढं वडिलांनी मला इंग्रजी शिकायला सोलापूरला मामांकडं धाडलं. मी मॅट्रिक झालो आणि तेवढ्या एका जोरावर परत आलो. तालुक्यात तेव्हा इंग्रजी येणारी माणसं शोधावी लागत.

रुजू झालो त्याच आठवड्यात मौलवीसाहेब माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मला ओळखायला वेळ लागला. शेरवानी तीच होती, पण आतला माणूस निम्मा उरला होता. मी गडबडीनं उठलो आणि सतरंजी झटकून पसरली.

"बसा, मौलवीसाहेब."

"बसतो. आधी सांग, संध्याकाळी तुला वेळ असतो का?"

आम्हा मराठी पोरांशी ते मराठीच बोलायचे, दखनी वळणाची.

"तुमच्यासाठी वेळ असतो का म्हणून विचारायचं असतं का?"

"तसं न्हाई. आता तू मास्तर आहेस." ते खाली बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वरून साहेब येणार आहेत म्हणं. उर्दूच्या मास्तरांना तपासणार. इंग्रजी येत असली तर ठेवणार, नसली तर घरी बसा. असं सगळे बोलतायत. मला इंग्रजी शिकव, बेटा."

ज्यांच्यापुढं मान वर करायची हिंमत नव्हती त्यांना मी ए बी सी डी शिकवायची. मी "हो" म्हणालो.

ते दिवसच तसे होते. आदल्या वर्षी रझाकारांच्या भीतीनं आमचं गाव निजामाच्या सीमेपलीकडं पळालं होतं. पोलिस ॲक्शननंतर पळायची पाळी मुसलमानांवर आली. मौलवीसाहेबांच्या धाकट्या भावाचं खेड्यातलं दुकान जळलं आणि तो बायकापोरांसह यांच्या घरी येऊन राहिला. दोन खोल्या आणि एक ओसरी, त्यात दोन संसार. याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही आमच्या पळापळीबद्दल बोललो नाही. दोघांनाही ते उगाळायचं त्राण नव्हतं.

शिकवणी त्यांच्या ओसरीवर व्हायची. ओसरी आणि आतली खोली यांच्यामध्ये पोत्याचा पडदा होता. पडद्याआड त्यांच्या पत्नी असत. मी त्यांना चाची म्हणायचो. त्या मूळच्या गुलबर्ग्याकडच्या. मराठी कळायची, पण बोलायच्या दखनी. मी त्यांना पाहिलं नव्हतं. चहाचा पेला पडद्याखालून उंबऱ्यावर सरकायचा तेवढी बोटं दिसायची. खोकला मात्र सतत ऐकू यायचा. मौलवीसाहेब सांगायचे, चुलीच्या धुराचा आहे.

मौलवीसाहेब अक्षरं झटकन शिकले, कारण त्यांचा हात मुळातच सुंदर होता. शब्दांशी मात्र त्यांचं भांडण व्हायचं. साहेब पहिल्यांदा माणसाला स्वतःबद्दल सांगायला लावतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून एका संध्याकाळी स्वतःचं वर्णन करणारी चार वाक्यं आम्ही बसवायला घेतली.

"दुबल्याला, म्हणजे बारीक माणसाला, काय म्हणतात?"

"थिन."

"आणि लागर?"

लागर म्हणजे आजारानं किंवा उपासानं खंगलेला. मी म्हणालो, "थिन."

"छरहरा?"

छरहरा म्हणजे सडपातळ आणि चपळ. मी परत म्हणालो, "थिन."

"मरियल?"

मरियल म्हणजे मरतुकडा. त्यालाही माझ्याकडं थिनच होतं. त्यांनी टाक खाली ठेवला. "बेटा, इंग्रजांनी एवढं मोठं राज्य केलं, आणि त्यांच्याकडं एकच शब्द?"

पडद्याआडून आवाज आला, "ऐसा कैसा जी? सब दुबले एकीच होते क्या?"

मौलवीसाहेब लाजून हसले. "या पण ऐकतात रोज. माझ्याआधी पाठ होतं यांचं."

त्या रात्री झोपण्याआधी मी सोलापुरातलं जुनं व्याकरणाचं पुस्तक ट्रंकेतून काढलं. मागच्या पानांवर सारख्या अर्थाचे शब्द दिलेले होते. स्लिम, स्लेंडर, लीन, स्किनी, गॉन्ट. परीक्षेसाठी मी ते सगळे पाठ केले होते, पण एकमेकांत फरक काय हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते पान घेऊन गेलो आणि खरं ते सांगितलं, की मला नीट ठाऊक नाही, आपण मिळून बघू.

त्यांची ओसरी गल्लीच्या तोंडाला होती. पलीकडं सोलापूर-हैदराबादचा रस्ता. माणसं सारखी जात-येत असायची. पुढचे काही दिवस आम्ही तिथं बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला शब्द लावत होतो. माझा ताप उतरलेला असला की मलाही त्यात मजा वाटायची.

गावोगाव पायी हिंडणारा टपालवाला पिशवी लावून चालला होता. मी म्हणालो, "हा लीन. आमच्यात काटक म्हणतात तसा."

मौलवीसाहेब त्याच्या पोटऱ्यांकडं बघत राहिले. "म्हणजे अंगावर जादा काही न्हाई, पण कमी पण काही न्हाई."

"बरोबर."

एका लॉरीचा क्लीनर टायरवर लाथा मारत उभा होता. त्याच्या बनियनमधून फासळ्या दिसत होत्या. "हा स्किनी. हडकुळा. पण हा शब्द तोंडावर बोलायचा नाही. आमचे सोलापूरचे मास्तर सांगायचे, चेष्टेत म्हटला तरी लागतो."

"मग हा आपला मरियल." त्यांनी उर्दूत शेजारी लिहून घेतलं.

स्लिम म्हणजे सडपातळ; कुणी म्हटलं तर ऐकणाऱ्याला बरं वाटतं. स्लेंडर त्याहून नाजूक. मी सांगितलं की हा शब्द हाताला, कमरेला, झाडाच्या फांदीलाही लावतात, आमच्याकडं शेलाटी म्हणतात तसा. मौलवीसाहेबांनी त्यासाठी मात्र गल्लीतल्या कुठल्या बाईकडं बघितलं नाही. शेवग्याच्या झाडाकडं बघून मान डोलावली.

गॉन्ट राहिला होता. मी म्हणालो, "ज्याचे गाल आत गेलेत, डोळे खोल गेलेत. भुकेनं किंवा दुःखानं. नुसता बारीक नाही, बघणाऱ्याला भीती वाटेल असा."

त्यांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला. "हा माझा." आणि वहीत लिहून टाकलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसं ते बोलले.

"और मैं?" पडद्याआडून चाचीनं विचारलं.

मौलवीसाहेब माझ्यापुढं अवघडले. खाली बघत म्हणाले, "स्लेंडर."

आत हसणं सुरू झालं आणि त्याचा खोकला झाला. खोकला थांबायला फार वेळ लागला. मग धापा टाकत चाची म्हणाली, "झूट बोलते, बाबा. शादी के टैम की बात बोल रहे."

"मग तर सोपं आहे, चाची," मी म्हणालो. "पुढं वॉज लावायचं. आय वॉज स्लेंडर."

"वॉज," तिनं म्हणून बघितलं. "वॉज. अच्छा है. गया बोले तो वॉज."

मला वाटतं त्या घरात इंग्रजी खरं आवडलं ते चाचीला. मौलवीसाहेब नोकरीसाठी शिकत होते, प्रत्येक शब्दावर थकत होते. ती पडद्याआड जवारी निवडता निवडता शिकत होती आणि तिला त्याचं काही करायचं नव्हतं. कधी मी पोचायच्या आधीच ती आतून विचारायची, "बाबा, बकरी लीन होती क्या स्किनी?" मी म्हणायचो, मालकावर आहे. मग ती हसायची आणि परत खोकला.

साहेब आले ते थंडीच्या दिवसांत. जीपमधून उतरले तेव्हा धुळीनं माखलेले होते, डोळे लाल. ते सकाळपासून शाळा तपासत हिंडत होते आणि अजून पुढं जायचं होतं. मौलवीसाहेब धुतलेली शेरवानी घालून भिंतीशी उभे होते. ओठ हलत होते. मी खिडकीतून बघत होतो आणि त्यांची चारही वाक्यं मनात म्हणत होतो.

साहेबांनी मराठीत विचारलं, "मराठी येतं का?"

"येतं, साहेब."

"लिहिता येतं?"

"थोडं थोडं."

"शिकून घ्या. उद्यापासून पहिलीचा वर्ग घ्या."

झालं. साहेब पुढच्या मास्तरांकडं वळले. मौलवीसाहेब तिथंच उभे राहिले. न राहवून म्हणाले, "साहेब, इंग्रजी?"

"पहिलीला इंग्रजी कशाला?" साहेब म्हणाले. त्यात रागही नव्हता आणि चेष्टाही नव्हती.

आम्ही दोघं घरी चालत निघालो. नोकरी टिकली होती, म्हणजे आनंदच व्हायला हवा होता. पण फारसी शिकवणारा माणूस आता पोरांची नाकं पुसत ग म भ न शिकवणार होता, तेही स्वतः शिकत शिकत. ते म्हणाले, "बरं झालं." थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "बरंच झालं म्हणायचं." मला त्या दिवशी ताप भरत होता.

चाचीनं सगळं ऐकून घेतलं. मग आतून म्हणाली, "इनका हो गया तो हो गया. मेरा सबक बाकी है. बाबा, तुमे आते रहो."

म्हणून मी जात राहिलो. मौलवीसाहेब ओसरीच्या एका टोकाला बसून मराठी अक्षरं गिरवायचे आणि मी पडद्याकडं तोंड करून इंग्रजी बोलायचो. हळूहळू पडद्याआडून येणारी उत्तरं कमी झाली. आधी ती बसून ऐकायची, मग आवाजावरून कळायला लागलं की ती आडवी पडून ऐकतेय. एकदा भावाची बायको बाहेर येऊन मौलवीसाहेबांना काहीतरी कुजबुजली आणि ते पांढरेफटक पडले. खोकल्यातून रक्त आलं होतं.

गावातल्या हकीमांचं औषध चालूच होतं. मी सोलापूरच्या दवाखान्याचं सुचवलं. तिथं इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून मौलवीसाहेबांनी मला बरोबर घेतलं. आम्ही सकाळच्या मोटारीनं निघालो. चाची बुरख्यात होती. गाडीत चढताना तिनं खिडकीचा गज धरला आणि बाही मागं सरकली, तेव्हा मनगट मला पहिल्यांदा दिसलं. पुस्तकातले सगळे शब्द पाठ असूनही मला त्यातला एकही आठवला नाही. मी तोंड फिरवलं आणि मोटार निघायची वाट बघत बसलो.

दवाखान्यात फार गर्दी होती. दुपार कलली तेव्हा आमचा नंबर आला. नर्सनं चाचीला पडद्याआड तपासायला नेलं. मोठे डॉक्टर आत जाऊन आले आणि हात धुता धुता शेजारच्या तरुण डॉक्टरांना इंग्रजीत काय काय सांगू लागले. ते भरभर बोलत होते. त्यातलं एक वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं: "शी इज व्हेरी मच वेस्टेड."

मौलवीसाहेबांनी माझा हात धरून मला बाहेर पायऱ्यांवर आणलं.

"बेटा, वेस्ट म्हणजे वाया घालवणं ना? तूच शिकवलंस. डू नॉट वेस्ट टाइम."

"हो."

"मग ते म्हणाले, माझी बायको वाया गेली."

"तसं नाही, मौलवीसाहेब. तो डॉक्टरी शब्द आहे. अंगावरचं मांस झडलं की म्हणतात. खंगलेली असा अर्थ. तुमचा लागर."

ते खाली बघत राहिले. पायरीवर कुणीतरी सोललेल्या भुईमुगाची टरफलं पडली होती, ती पायानं बाजूला करत होते. "लागरमध्ये कुणाची चूक नसते," ते म्हणाले. "बीमारी आली, माणूस लागर झाला. वेस्ट कुणीतरी करावं लागतं. कुणी केलं? मी? तिनं त्या पोरांना खाऊ घातलं, भावाच्या बायकोला खाऊ घातलं, आणि स्वतः मागं राहिलेली खिचडी खाल्ली. हे वाया गेलं का?"

मी थकलो होतो आणि आमची परतीची मोटार चुकणार होती. मला वाटलं, ते आता रडतील. ते रडले नाहीत. उठले, टोपी सारखी केली आणि सरळ आत डॉक्टरांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. मी मागं धावलो.

"सर," ते म्हणाले. वर्गात आमच्याकडून शब्द म्हणून घ्यायचे तसा एकेक शब्द सुटा, स्वच्छ. "शी इज थिन. व्हेरी थिन. नॉट वेस्ट."

डॉक्टरांनी मान वर केली. क्षणभर त्यांना कळलं नाही. मग कळलं असावं, कारण त्यांनी हातातला टाक खाली ठेवला. त्यांचे डोळेही दिवसभराच्या कामानं ओढलेले होते.

"यस, मौलवीसाहेब," ते म्हणाले. "व्हेरी थिन."

मग ते मराठीवर आले आणि त्यांनी मौलवीसाहेबांना समोर बसवून सगळं सांगितलं. क्षय आहे. दोन्ही बाजूंना पसरलाय. सध्या खाट रिकामी नाही, महिन्याभरानं बघू. तोवर दूध, अंडी, मोकळी हवा. भांडी वेगळी ठेवा, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. मौलवीसाहेब प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होते. आयुष्यात माझ्याखेरीज कुणाशी ते इंग्रजी बोलले असतील तर ते एवढंच.

मोटारीत चाचीनं बुरख्यातून विचारलं, "क्या बोले डॉक्टर?"

मौलवीसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "थिन म्हणाले, चाची."

"इतना तो मैं भी बता देती," ती म्हणाली, आणि खिडकीला टेकून झोपली.

खाट रिकामी झाल्याचा निरोप आलाच नाही. तिचा भाऊ येऊन तिला गुलबर्ग्याला घेऊन गेला. तिथं घर मोठं होतं, अंगण होतं, दुभती म्हैस होती. मौलवीसाहेब शनिवारी शाळा सुटली की मोटारीनं जायचे आणि सोमवारी पहाटे परत येऊन पहिलीच्या वर्गात उभे राहायचे. पोरांना वाटायचं हे नेहमीच असे धुळीनं भरलेले असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गेली. मी तेव्हा गावी होतो. शाळा उघडल्यावर कळलं.

मी भेटायला गेलो तेव्हा ते ओसरीवरच होते. कुणी गेलं की बोलायचं असतं ते मी बोललो, त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, शेवटचे काही दिवस ती दूध प्यायची, थोडं अंगही धरलं होतं, भावाला वाटलं होतं सुधारेल. "मलाही वाटलं होतं," ते म्हणाले. भावाच्या बायकोनं चहा आणला. आम्ही तो प्यायलो. इंग्रजीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

पुढं वर्षभर आम्ही एकाच शाळेत होतो. त्यांचं मराठी अक्षर इतकं सुंदर झालं की हेडमास्तर फळ्यावरचा सुविचार त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. पहिलीची पोरं त्यांच्या शेरवानीला लोंबायची. ते कुणाला ओरडत नव्हते, पण आता डोळेही मिटून घेत नव्हते. चुकलेला शब्द कानावरून जाऊ द्यायचे.

मग माझी बदली आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला झाली. मोटारीच्या अड्ड्यावर ते मला पोचवायला आले. आम्ही निंबाखाली माझ्या ट्रंकेवर बसलो. वाशीला पाणी कसं आहे, खानावळ आहे का, असं काहीबाही त्यांनी विचारलं. मग त्यांच्या वर्गातल्या एका पोरीबद्दल सांगू लागले. तिला ळ म्हणता येत नाही, बाळ ला बाल म्हणते, काय करावं कळत नाही. मी म्हणालो, येईल हळूहळू. तेवढ्यात शाळेची घंटा ऐकू आली. ते गडबडीनं उठले, "वर्गावर कुणी न्हाई," म्हणाले, आणि टोपी हातातच धरून भरभर निघून गेले. मोटार त्यानंतर बऱ्याच उशिरानं आली.